चव्हाट्यावरची शिस्त आणि गरिबाचा दंड

वाचकहो, शाळा सुटल्यावर मास्तराच्या ओट्यावर कागद घेऊन माणसे येतात, ही आपल्या खेड्यातली जुनीच चाल आहे. कोणाचा सातबारा, कोणाची सोसायटीची नोटीस, कोणाचे विजेचे बिल. मास्तराने वाचावे, अर्थ सांगावा आणि येणाऱ्याने निश्चिंत होऊन घरी जावे. परंतु गेल्या महिन्यात आमच्या ओळखीचे एक कुंभारदादा जो कागद घेऊन आले, तो वाचल्यावर त्यांना तर नाहीच, पण आम्हालाही रात्री झोप आली नाही.

कागद पोलीस भरतीचा होता. दादांचा मुलगा आमच्याच शाळेत शिकलेला. तीन वर्षे पहाटे चार वाजता उठून धावला, लेखी परीक्षा पास झाला, निवड यादीत नाव लागले, घरी पेढे वाटले. आणि आता पत्र आले की, “आपण साक्षांकन नमुन्यात खरी माहिती दडविली आहे, तरी आपली निवड रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.” दादा म्हणाले, “गुरुजी, पोरानं काय दडवलं? त्यानं ना चोरी केली, ना कुणाचं डोकं फोडलं. दंड तर आम्ही तवाच भरला हुता!”

हा ‘तवाचा दंड’ कोणता, ते ऐका. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तालुक्याच्या बाजारी ही मायलेकरे एस.टी. स्टँडच्या रस्त्याकडेला पणत्या आणि बोळकी मांडून बसली होती. एका खात्यापित्या घरचा तरुण दारूच्या तारेत मोटारसायकल घेऊन आला आणि त्याने मांडलेल्या मालावरूनच चाक नेले. दोन महिन्यांची मेहनत चिखलात गेली. बाईने भरपाई मागितली, तेव्हा त्याने तिच्या आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने गाडीची चावी काढून घेतली आणि मोठ्याने ओरडला. गर्दी जमली, शिपाई आले, दोघांनाही घेऊन गेले. दादांच्या सांगण्याप्रमाणे मोटारसायकलवाल्यासाठी कोणाचा तरी फोन आला आणि तो अर्ध्या तासात चहा पिऊन बाहेर पडला. या पोराचे नाव मात्र वहीत चढले: ‘सार्वजनिक ठिकाणी आरडाओरड करून बेशिस्त वर्तन.’ दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा केला. कोणीतरी कानात सांगितले, “कबूल आहे म्हण, दंड भर आणि मोकळा हो. उगीच तारखा कशाला खातोस?” पोराने कबूल म्हटले, आठशे रुपये भरले, आणि घरी येऊन सर्वांनी ती गोष्ट विसरून टाकली. पुढे भरतीच्या नमुन्यात प्रश्न आला, ‘आपणास न्यायालयाने कधी शिक्षा अथवा दंड केला आहे काय?’ पोराने लिहिले, ‘नाही’. त्याच्या समजुतीने दंड भरला तेव्हा ते खाते बंद झाले होते. सरकारच्या समजुतीने ते खाते तेव्हाच उघडले होते!

म्हणून आज आम्ही या छोट्या कलमांविषयी लिहीत आहोत. मोठ्या कायद्यांवर मोठी माणसे बोलतात. परंतु आमच्या शेतकऱ्याला, कुंभाराला, बुरडाला, भाजीवालीला जन्मात जो कायदा भेटतो, तो हाच रस्त्यावरचा, बाजारातला, स्टँडवरचा कायदा होय. आणि ज्याची रोज गाठ पडते, त्याचीच आम्हाला ओळख नाही!

हा कायदा म्हणजे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याची मुळे इंग्रजी अमलात आहेत. जिल्ह्यांसाठी १८९० चा जिल्हा पोलीस कायदा होता आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा. स्वराज्य आल्यावर ते एकत्र करून नवा कायदा केला, परंतु रस्त्यावरच्या माणसाकडे पाहण्याची जुनी नजर पुष्कळशी तशीच राहिली. या कायद्याचे ११० वे कलम सांगते की, रस्त्यात किंवा सार्वजनिक जागी कोणी अंग उघडे टाकू नये, अश्लील बोलू नये, असभ्यपणे, दंगेखोरपणे किंवा बेशिस्तपणे वागू नये. ११२ वे कलम सांगते की, शांतता भंग होईल अशी धमकीची, शिवीगाळीची किंवा अपमानाची भाषा वापरू नये. १०२ व्या कलमात रस्त्यात गाडी उभी करून, गुरे बांधून, पेटी-गाठोडे ठेवून किंवा माल विकायला मांडून अडथळा करण्याची मनाई आहे, आणि तेथे माल मांडण्याच्या साधनांत टोपलीसुद्धा नाव घेऊन सांगितली आहे. लोकांची गर्दी जमेल असे खेळ आणि गाणेबजावणे १०४ व्या कलमात येते. या सर्वांची शिक्षा ११७ व्या कलमात आहे: बाराशे रुपयांपर्यंत दंड. आणि ७९ वे कलम पोलिसाला असा अधिकार देते की, यांतला गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडला तर वॉरंटाशिवाय माणसाला धरता येते.

आता आम्ही हे कायदेच नकोत असे म्हणतो काय? मुळीच नाही. संध्याकाळच्या एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलीला विचारा, स्टँडवर दारू पिऊन लोळणाऱ्याचा आणि गाणी म्हणत मागे लागणाऱ्याचा बंदोबस्त हवा की नको. पाणवठ्यावर जाणाऱ्या बाईला विचारा. यात्रेत लेकरू खांद्यावर घेऊन चालणाऱ्या बापाला विचारा. रस्ता सर्वांचा असेल तर त्यावर सर्वांना निर्भयपणे चालता आले पाहिजे, आणि त्यासाठी नियम हवाच. श्रीमंताला चारचाकी आहे, बंगल्याला भिंत आहे. गरिबाचे मात्र अर्धे आयुष्य रस्त्यावर, बाजारात आणि स्टँडवर जाते. त्यामुळे रस्त्यावरच्या शिस्तीची गरज सर्वांत जास्त कोणाला असेल, तर ती गरिबालाच आहे.

आमची तक्रार कायद्याच्या असण्याबद्दल नाही. ‘बेशिस्त’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, याबद्दल ती आहे. चोरी म्हणजे काय ते सर्वांना कळते. खून म्हणजे काय तेही कळते. पण बेशिस्त वर्तन म्हणजे काय? मोठ्याने बोलणे? दाद मागणे? साहेबाच्या डोळ्याला डोळा देणे? शब्द जितका सैल, तितका हातातल्या काठीला जोर जास्त. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले, तेव्हा हाच मुद्दा मांडला होता की, ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असले मोघम शब्द वापरून माणसाला गुन्हेगार ठरविता येणार नाही. ते कलम संगणकावर लिहिणाऱ्यांसाठी होते, म्हणून त्याची चर्चा देशभर झाली. बाजारात टोपली घेऊन बसणारीच्या कलमातील मोघम शब्दांची चर्चा कोणी करीत नाही.

आणि ‘सार्वजनिक जागा’ हा शब्द तरी काय सोपा आहे? ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ आणि आक्सा भागातील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, खोल्यांतून सुमारे चाळीस जोडप्यांना बाहेर काढले आणि हेच ११० वे कलम लावून बाराशे रुपये दंड केला. वर्तमानपत्रांनी ओरड केली, तेव्हा वरून चौकशीचा हुकूम निघाला. बंद खोली जर सार्वजनिक ठरू शकते, तर गरिबाच्या झोपडीचा ओटा कधी चव्हाटा ठरेल, याचा नेम काय? त्या जोडप्यांसाठी ओरड करणारे कोणी तरी होते. आमच्या बाजारकऱ्यांसाठी कोण आहे?

‘सार्वजनिक’ या शब्दाचा इतिहास तर आम्हा बहुजनांना पाठच असला पाहिजे. १८४८ नंतर पुण्यात सावित्रीबाई मुलींना शिकविण्यासाठी रस्त्याने जात, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकण्यात आला. त्या रस्त्यावर बेशिस्त कोण होते? शाळेला जाणारी ती माउली, की शेण मारणारे ते स्वतःला सभ्य म्हणविणारे? १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, कारण सार्वजनिक म्हणविणाऱ्या पाणवठ्यांवर त्यांना जागा नव्हती. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आपल्या लोकांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळे खाजगी आहे असे सांगून कोर्टातून मनाईहुकूम आणला गेला, आणि ते सार्वजनिकच आहे याचा शेवटचा निकाल उच्च न्यायालयातून यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे एका ओंजळीसाठी!

आजच्या पोलीस कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या आहे, आणि तिच्यात लोकांना पाणी भरण्यासाठी, धुण्यासाठी व आंघोळीसाठी मोकळ्या असलेल्या सर्व जागा येतात. ही ओळ वाचताना आमच्या डोळ्यांसमोर महाडचे तळे उभे राहिले. जी जागा आमच्या वाडवडिलांनी झगडून सार्वजनिक करून घेतली, त्याच जागेत आम्हालाच ‘बेशिस्त’ म्हणून हाकलले जात असेल, तर झगडा अर्धाच झाला म्हणायचा.

या कलमांचा दुरुपयोग दोन दिशांनी होतो, हे नीट ध्यानात घ्या. एका दिशेने गरिबाच्या साध्या बोलाचालीचा गुन्हा होतो. कुंभाराच्या पोराचे तसेच झाले. दुसऱ्या दिशेने धनदांडग्याच्या मोठ्या गुन्ह्याची बोलाचाल होते! बाईचा विनयभंग व्हावा असे शब्द किंवा हावभाव कोणी केले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अंगाला हात लावला तर ७४ व्या कलमाखाली एक ते पाच वर्षे. भर चौकात जातीवरून शिवी देऊन दलिताचा अपमान केला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली निदान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे. असे प्रकार ठाण्यात गेले आणि ‘किरकोळ भांडण आहे, मिटवून टाका’ असे म्हणून ११० किंवा ११२ मध्ये गुंडाळले, तर काय झाले? पाच वर्षांचा गुन्हा बाराशे रुपयांत विकला गेला! चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण ऐकलीच आहे. येथे तर चोराला संन्याशाचा वेष मिळतो आणि संन्याशाच्या गळ्यात चोराची पाटी पडते.

कुंभाराच्या बाजारातच पाहा. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणे हा न्याय संहितेच्या ३५५ व्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे; चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवेची शिक्षा त्याला होऊ शकते. दुसऱ्याच्या मालाची नासाडी करणे हाही गुन्हा आहे. पिऊन गाडी चालविणे हा तर मोटार कायद्याचा गुन्हा आहे. बाईला दिलेल्या शिव्या वेगळ्याच. म्हणजे तेथे खरे गुन्हे चार घडले होते आणि ते चारही एकाच माणसाने केले होते. वहीत चढला पाचवाच, आणि तोही ज्याचे नुकसान झाले त्याच्या नावावर!

आमचे जे बंधू एका जागी घर करून राहत नाहीत, त्यांची कथा याहून वाईट आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि तो अंमल पुढे मुंबई इलाख्यातही आणला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. आईच्या पोटातून येणाऱ्या लेकराच्या कपाळावरही हजेरीचा शिक्का मारलेला असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. परंतु १९५९ मध्ये आपल्याच राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि त्यात भिकेची व्याख्या अशी केली की, गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, वस्तू विकणे या निमित्ताने सार्वजनिक जागी काही मागितले तरी ती भीक. उपजीविकेचे दिसणारे साधन नसता सार्वजनिक जागी फिरत राहणे, हेही त्यात आले. पहिल्यांदा पकडल्यास एक ते तीन वर्षे सुधारगृहात, आणि पुन्हा पुन्हा पकडल्यास दहा वर्षांपर्यंत! वासुदेवाच्या टोपीवर मोरपीस, नंदीबैलवाल्याचे गुबुगुबू, डोंबाऱ्याच्या पोरीची दोरी, या सर्वांच्या कौतुकाच्या कविता आमच्या क्रमिक पुस्तकांत येतात. शाळेत ज्याचे कौतुक, त्याचाच रस्त्यात गुन्हा! हाच कायदा दिल्लीलाही लावला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तेथल्यापुरती त्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरविली. पोटासाठी हात पसरणे हा माणसाचा गुन्हा नसून समाजाचे अपयश आहे, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला साठ वर्षे लागली.

कोणी म्हणेल, “मास्तर, तुम्ही पोलिसांवर उठला आहात.” तसे नाही. पोलीस शिपाई हा आमच्याच घरचा पोरगा आहे. शेतकऱ्याचा, मजुराचा, कारागिराचा. बारा बारा, चौदा चौदा तास उभा राहतो, सणासुदीला घरी जाऊ शकत नाही. मोटारसायकलवाल्यासाठी फोन आला तेव्हा त्या शिपायाच्या मनात काय आले असेल, हेही आम्ही समजू शकतो. आणि ज्या पोराची निवड आज अडली आहे, तोही उद्या तीच वर्दी घालण्यासाठी तीन वर्षे धावला आहे! चूक वर्दीची नाही. वरून येणाऱ्या फोनची आहे, कायद्यातील सैल शब्दांची आहे, आणि स्पष्टच सांगतो, आमच्या अज्ञानाची आहे.

कारण आपण काय करतो? ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण मोठ्या शहाणपणाने पोरांना सांगतो. परंतु पायरी आपण चढत नाही, तर आपल्याला ओढून चढविले जाते. आणि वर गेल्यावर आपण मुके होतो. एक शब्द बोलतो, ‘कबूल’. त्या एका शब्दाने दोष सिद्ध होतो. दंड आठशेचा असो की आठ रुपयांचा, कागदावर तो माणूस दोषी. म्हणीचा फायदा कोणाला झाला? ज्याला कोर्टाची भीती नाही, त्याला.

तेव्हा वाचकहो, पुढील गोष्टी घरातल्या थोरांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांना ठाऊक असू द्या.

पहिली गोष्ट. पोलिसाने धरले तर शांतपणे विचारा, “साहेब, कोणत्या कलमाखाली?” अटकेचे कारण सांगणे हे घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे. त्याच अनुच्छेदाप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. घरच्या माणसाला कळविले पाहिजे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवादाचा प्रसंग असेल, तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. हे विचारताना आवाज चढवू नका. चढला तर तोच दुसरा गुन्हा होईल!

दुसरी गोष्ट. ११७ व्या कलमाचा दंड हा दोष सिद्ध झाल्यावर न्यायालयाने करायचा आहे. रस्त्यात कोणाच्या मुठीत ठेवलेल्या नोटेला दंड म्हणत नाहीत. तिला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट. कोर्टात ‘कबूल’ म्हणण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून मागा. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना उत्पन्न कितीही असले तरी फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तेथे एक अर्ज द्यावा लागतो. अर्ज लिहिता येत नसेल तर मास्तराकडे या. मास्तराचा ओटा त्यासाठीच आहे.

चौथी गोष्ट. दंड भरलाच, तर पावती आणि निकालाची नक्कल जपून ठेवा. सातबारा जपता तशी जपा. आणि पुढे मुलाने नोकरीचा नमुना भरताना विचारलेले सगळे खरे लिहा. लहान दंड सांगितल्याने सहसा नोकरी जात नाही. लपविल्याने जाते.

पाचवी गोष्ट. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी आधी आपली फिर्याद द्यावी, आणि तिची नक्कल फुकट मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे. कुंभारणीने त्या दिवशी फुटलेल्या पणत्यांची फिर्याद दिली असती, तर वहीतल्या नोंदीचे तोंड कदाचित दुसरीकडे वळले असते.

एवढे झाले आपले काम. आता सरकारकडे आणि गावाच्या पुढाऱ्यांकडे आमचे मागणे आहे. शहरांतील फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदा केला. परवाना घेऊन त्याच्या अटींप्रमाणे बसणाऱ्याला पोलिसाने किंवा दुसऱ्या कोणी अडवू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. आठवडी बाजाराच्या कारागिराला आणि भाजीवालीला असे संरक्षण कोण देणार? बाजार भरविणे हे ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे काम आहे. बाजाराचा कर ती घेतातही. मग ज्याच्याकडून पैसे घेतले, त्याला बसायला आखलेली जागा का नाही? एका हाताने बैठकीची पावती द्यायची आणि दुसऱ्या हाताने रस्ता अडविल्याचा खटला भरायचा, हा कोणता न्याय? प्रत्येक ग्रामसभेत हा प्रश्न विचारला जावा, अशी आमची सूचना आहे.

दुसरे मागणे कायदा करणाऱ्यांकडे. ‘बेशिस्त’ या शब्दाला हद्द घाला. दुसऱ्याला भय, इजा किंवा खरा अडथळा झाला तरच गुन्हा, असे शब्द स्पष्ट करा. ‘कबूल’ लिहून घेण्यापूर्वी त्या माणसाला त्याच्या भाषेत, ‘तुझ्या नावावर दोष राहील आणि नोकरीच्या वेळी तो विचारला जाईल’ असे सांगणे सक्तीचे करा. आणि दंडापुरत्या क्षुल्लक गुन्ह्याची नोंद काही वर्षांनी आपोआप पुसली जावी. सात-बाराच्या उताऱ्यावरचा बोजा कर्ज फिटल्यावर उतरतो. माणसाच्या उताऱ्यावरचा आठशे रुपयांचा बोजा मरेपर्यंत का राहावा?

कुंभारदादांच्या मुलाचे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही त्याच्यासोबत बसून खुलासा लिहिला. काही झाकले नाही. दंड झाला हे लिहिले, कसा झाला हे लिहिले, आणि ‘नाही’ का लिहिले तेही लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका तरुणाच्या प्रकरणात सांगितले होते की, कोवळ्या वयातील चुकीसाठी माणसाला जन्मभर गुन्हेगार म्हणून डागू नये. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांनी नियम घालून दिले: उमेदवाराने माहिती खरीच दिली पाहिजे; परंतु लहान वयात घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल आणि तो सांगितला असता तरी नोकरी गेली नसती, तर तो लपविला म्हणून झालेली चूक अधिकारी आपल्या विचाराने माफ करू शकतात. ही दोन्ही प्रकरणे आम्ही खुलाशात नमूद केली आणि कागद रवाना केला. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. पोरगा अजूनही पहाटे चारला उठतो आणि धावतो.

त्याची आई परवा ओट्यावर आली होती. म्हणाली, “गुरुजी, त्या दिशी मी त्याला म्हटलं हुतं, भांडू नको, पणत्या गेल्या तर गेल्या. त्यानं ऐकलं नाही. आता मला वाटतं, त्याचंच खरं हुतं, का माझं?”

आम्ही काय उत्तर देणार? आईच्या डोळ्यांसमोर आईला शिवी देणाऱ्याला जाब विचारणे, हे आम्ही शाळेत शिकविलेलेच नव्हते काय? जाब विचारणाऱ्याला बेशिस्त आणि शिवी देणाऱ्याला सुटका, हे जोपर्यंत बदलत नाही, तोपर्यंत आमच्या फळ्यावर लिहिलेल्या सुविचारांना अर्थ नाही. म्हणून त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले, “वहिनी, खरे त्याचेच होते. फक्त आपल्याला कायदा ठाऊक नव्हता.”

आता तो ठाऊक करून घेऊ. हा लेख वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा. आणि येत्या बाजारी कोणा भाजीवालीच्या टोपलीपाशी आवाज चढलेला ऐकलात, तर बघ्यांच्या गर्दीत उभे राहू नका. साक्षीदार म्हणून पुढे व्हा. गरिबाच्या बाजूने एक जरी साक्षीदार उभा राहिला, तरी वहीतली नोंद बदलते.